पोर्ट ऑरेलचा मुक्काम

शिकागो
११ फेब्रुवारी २००८

प्रिय व्हिनी,

तू बरी असशील आणि तुझी साखर ताब्यात असेल अशी आशा करते. मी ठीक आहे. इकडे बर्फ गुडघाभर आहे आणि तळ्यावरून येणारा वारा कान कापून नेतो, पण त्याची सवय झाली.

डिसेंबरअखेर मी निवृत्त झाले, हे नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. एक्केचाळीस वर्षं वॉर्डात उभी राहिले आणि आता बसवत नाही. अजून पहाटे पाचला डोळे उघडतात. पडदे या महिन्यात दोनदा धुतले. परवा मोहरीची भाजी शिजत टाकली आणि कोट घालून बाहेर पडले, ती बसच्या थांब्यावर पोचल्यावर आठवलं. भांडं गेलं. शेजारीण म्हणाली, "अर्नेस्टीन, तू कुठेतरी जाऊन ये बाई, नाहीतर इमारत पेटवशील."

म्हणून ठरवलं आहे की वसंतात पोर्ट ऑरेलला येऊन राहायचं. पाच दिवस. सात ते अकरा एप्रिल. अझेलिया फुललेल्या असतील, नदी भरलेली असेल. जॅक्सनपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस. ती बस अजून दुपारी दोनला न्यायालयासमोरच थांबते का, तेवढं कळव.

आता राहण्याचं. तुझ्या घरी तुला त्रास नको. मी थॉर्नबीच्या हवेलीत खोली धरली आहे. ते आता पाहुण्यांना देतात हे तुला ठाऊकच असेल. मोठ्या घरातली खोली नाही, मागची. मागच्या स्वयंपाकघराची त्यांनी झोपायची खोली केली आहे, 'स्वयंपाकिणीची झोपडी' म्हणतात तिला. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. म्हणाली, "अगदी शांत जागा आहे, मॅडम. नदीवरून वारा येतो. आमच्या गावाशी तुमचा काही संबंध?" मी नाही म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

तुझ्या एझ्राच्या अंत्यविधीला आले नाही, त्याबद्दल तुला राग आहे हे मला कळतं. पुष्पचक्र मिळालं असेल. त्या आठवड्यात कामावरून सुटी मिळत नव्हती.

कळव.

तुझी,
टीन


शिकागो
३ मार्च २००८

प्रिय व्हिनी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तुझं अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरच्यासारखं सरळ आहे. "जिथे ममाचे गुडघे गेले तिथे तू पाहुणी म्हणून झोपणार? माझ्या घरात पलंग आहे." ते मी फ्रिजवर लावलं, मग काढून खणात ठेवलं, मग पुन्हा लावलं.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. बावीस वर्षं ममा त्या फरशीवर उभी राहिली. मीही चार उन्हाळे तिच्या हाताखाली होते; थॉर्नबीच्या टेबलावरचे रुमाल, चादरी, मालकीण मिस अडेलचे पांढरे झगे, सगळी इस्त्री माझ्याकडे. ती खोली मला आठवते ती फार मोठी. मला एकदा बघायचं आहे ती खरंच केवढी आहे. याहून नीट कारण मला सांगता येत नाही.

पाच दिवस जास्त होतील असं वाटू लागलंय. तीनच करते. किंवा एप्रिलच्या मध्यावर येते, तोवर जुनी घरं बघायला येणाऱ्यांची गर्दी ओसरेल. त्या गोड मुलीला मी तीन वेळा फोन करून तारखा बदलल्या. तिसऱ्या वेळी तिचा आवाज तितका गोड नव्हता.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. मार्चच्या तीन तारखेला. काल तिच्यातून निळा पोशाख काढून घातला आणि पुन्हा धुऊन आत ठेवला.

तुझ्याकडे राहणं मला जमणार नाही, व्हिनी. त्यात तुझा काही दोष नाही. ममा गेली तेव्हा मी सकाळी आले आणि संध्याकाळच्या बसने निघाले, तू फाटकापर्यंत आली होतीस आणि म्हणालीस, "टीन, या घरात तुला काटे टोचतात का?" मी म्हटलं ड्युटी आहे. एझ्रा मागे ओसरीवर उभा होता, एक हात कमरेवर, तसाच वाकलेला. त्याने मला हात केला. "पुढच्या वेळी जेवून जा," म्हणाला. इतक्या चांगल्या आवाजात म्हणाला की बसमध्ये मी घराच्या उलट बाजूला बसले.

त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल तू काही लिहिलं नाहीस. खूप त्रास झाला का? पाठीचं दुखणं शेवटपर्यंत होतं का?

हे विचारायचा मला अधिकार आहे की नाही ते माहीत नाही. पत्र टाकून येते, नाहीतर हेही फाडेन.

टीन


शिकागो
२० मार्च २००८

व्हिनी,

थॉर्नबीची खोली मी सोडून दिली. तुला बरं वाटेल म्हणून नाही. तुझं दुसरं कार्ड आलं, त्यात तू लिहिलंस, "शेवटच्या आठवड्यात एझ्रा म्हणाला, टीनला बोलव, ती नर्स आहे, तिला पाठीचं कळेल." ते वाचल्यापासून मी खुर्चीत बसू शकलेले नाही. हे पत्र स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून लिहितेय. जे सांगायचं आहे ते पहिल्या दोन पत्रांत सांगायचं होतं. तारखा आणि बस यांच्याबद्दल लिहीत बसले.

१९६३ सालचा मे महिना तुला माझ्याहून चांगला आठवतो. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत बसणारी ती मंडळी. एझ्रा, होझिया ग्रँबेरी, आणि ते दोघे टर्नर भाऊ. चौघांनी ठरवलं होतं की जूनच्या पहिल्या सोमवारी एकत्र न्यायालयात जायचं आणि मतदार म्हणून नाव नोंदवायचं. एकटा काळा माणूस गेला तर हाकलतात, चौघांना हाकलायला वेळ लागेल, असं होझिया म्हणायचा. कुणालाही कळायचं नव्हतं. तुला कळलं कारण तू एझ्राशी लग्न करणार होतीस. मला कळलं कारण आपण एका पलंगावर झोपायचो आणि तुला माझ्यापासून काही लपवता यायचं नाही.

रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, शेरीफची माणसं चौघांना घेऊन गेली. लाकडाच्या गिरणीतून माल चोरला म्हणून. सहा महिने कैद्यांच्या शेतावर. एझ्रा डिसेंबरात परत आला तेव्हा त्याची पाठ सरळ होत नव्हती आणि गिरणीने त्याला दारातूनच परत पाठवलं. जूनमधलं तुझं लग्न नाताळात झालं. नवऱ्यामुलाला खुर्चीवर बसून शपथ घ्यावी लागली.

मी तिथे नव्हते. मी ऑगस्टमध्येच शिकागोला आले होते.

व्हिनी, ती नावं मी सांगितली.

शुक्रवारचा दिवस होता. ममा बाजारात गेली होती. मी रुमालांना इस्त्री करत होते आणि मिस अडेल स्वयंपाकघरात आली. ती तिथे कधी यायची नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीचं लग्न ठरलं म्हणे. एझ्रा चांगला मुलगा आहे. बाहेरचे लोक येऊन अशा चांगल्या मुलांना नादी लावतात आणि मग भोगतात ती पोरं. कोण कोण आहेत हे कळलं असतं तर शेरीफच्या कानावर घातलं असतं, म्हणजे कुणाला धक्का लागला नसता." तिने स्वतःच्या हाताने मला लिंबाचा केक कापून दिला. आणि मी सांगितली, चारही. इस्त्री हातात तशीच होती. एक रुमाल जळला, त्याबद्दल ती काही बोलली नाही.

कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मी अठरा वर्षांची होते, आणि मला खरंच वाटलं की त्याने एझ्रा वाचेल. कागदावर लिहिलेलं बघते आहे तर ते खरं दिसत नाही. खरं असं आहे की त्याच्या आदल्या आठवड्यात मी मिस अडेलला विचारलं होतं, शिकागोच्या नर्सिंगच्या शाळेत माझ्यासाठी शिफारस द्याल का. ती "बघू" म्हणाली होती. त्या शुक्रवारी तिने शाळेचं नावही काढलं नाही. मला मात्र ती शिफारस आठवली. केक खाताना आठवलं. मंगळवारी शिफारसपत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर पाकिटात ठेवलेलं होतं, आणि ते का आलं हे मला विचारावं लागलं नाही.

म्हणजे माझी एक्केचाळीस वर्षं कशावर उभी आहेत ते तुला कळलं. मी चांगली नर्स होते. कुणाचीही पाठ चोळताना मला ती एझ्राची वाटायची, आणि मी जास्त वेळ चोळायचे. एवढंच माझ्याकडे आहे, आणि त्याने काही होत नाही हेही मला कळतं.

तो जिवंत असताना मला हे लिहिता आलं नाही. त्याने मला माफ केलं असतं, त्याची मला भीती होती.

आता तू सांगशील तसं. ये म्हणालीस तर येईन. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालीस तर तेही बरोबर आहे. नुसती गप्प मात्र राहू नकोस.

टीन


पोर्ट ऑरेल
शुक्रवार, १८ एप्रिल २००८

प्रिय व्हिनी,

हे पत्र टपालात टाकत नाही. हमरस्त्यावरच्या मोटेलची सफाई करणारी बाई तुझ्या गल्लीत राहते, तिच्या हाती देते आहे. तुझ्या घरापासून चार मैलांवर, त्या मोटेलात, मी सोमवारपासून होते.

तुझं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तू लिहिलंस, "नावं चार होती. मी एकाच नावापुरतं बोलू शकते, आणि अजून माझ्या तोंडात शब्द नाही. होझिया जिवंत आहे. आधी त्याच्याकडे जा. मला तिथे यायचं नाही. काय झालं ते लिहून कळव." म्हणून जसं झालं तसं लिहिते, गोड न करता.

मंगळवारी सकाळी गेले. तो ओसरीवर पेकानची कवचं फोडत बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण मला रस्त्यावरूनच ओळखलं. "ही रूथची धाकटी," म्हणाला. "तीच मान पुढे घालून चालणं. ये. पायरी सांभाळ, तिसरी कुजलीय."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. तुला लिहिलं होतं ते सगळं, शिफारसपत्रासकट. तो फोडत राहिला. मग अडकित्ता खाली ठेवला.

"केक कसला होता म्हणालीस?"

"लिंबाचा."

"रूथच करायची तो. म्हणजे तुझ्याच आईच्या हातचा केक तुला कापून दिला त्या बाईने."

हे मला पंचेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं, व्हिनी.

मी म्हटलं, "मिस्टर होझिया, मला शिव्या द्या. मी त्यासाठी आले आहे."

"माझ्यापुरतं म्हणशील तर मी सहा महिने खड्डे खणले आणि पुढच्या वर्षी पुन्हा न्यायालयात गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. नाव लागलं माझं. त्यानंतर एकही निवडणूक चुकवली नाही. शेरीफ मेला, मिस अडेल मेली, मी अजून पेकान खातोय. माझ्याकडे तुझ्यासाठी शिवी नाही. पण तू मला आज काय सांगितलंस हे तुला कळतंय का?"

मी नाही म्हटलं.

"आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की ते लॉनीने केलं."

लॉनी पेटवे. थॉर्नबीचा माळी. मला तो आठवतो तो गुलाबांशी वाकलेला, कानामागे दोरीचा तुकडा खोचलेला. तो दोनदा बुधवारी बसायला आला होता. सोमवारी जायला मात्र तयार झाला नव्हता, कारण घरात लहान मूल होतं. त्याला पकडलं नाही आणि तो थॉर्नबीत कामाला, मग अजून काय हवं होतं. होझिया म्हणाला, "केस कापायला त्याला कुणी खुर्ची देईना. दुकानात तो आला की बोलणं बंद. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना, मग मी स्वतः त्याला दारात सांगितलं, भाऊ, तू इथे न आलेलाच बरा. मी सांगितलं ते. या तोंडाने. तो म्हणाला, 'होझिया, मी नाही केलं.' मी म्हटलं, 'मग कोणी केलं?' त्याला काय माहीत कोणी केलं." सवयीने मी त्याची नाडी बघायला पुढे झाले. त्याने हात काढून घेतला.

तुला हे सगळं ठाऊक असणार. तूही त्या चर्चमध्ये होतीस. तुझ्या कार्डात एक शब्द नव्हता, आणि तू लॉनीशी कशी वागलीस हे विचारायला मी कोण. पण माझं पत्र वाचताना तुला आधी एझ्रा आठवला की लॉनी, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याची मुलगी डेल्फीन, ते त्या वेळचं लहान मूल, गावातच आहे. घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस करते. होझिया म्हणाला, "गुरुवारी अकराला ये. मीही येतो. मला माझं सांगायचं आहे."

बुधवारचा दिवस मी कसा काढला विचारू नकोस. गावातून दोनदा चालून आले. थॉर्नबीवरूनही गेले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, एक जोडपं बाहेर बसून कॉफी पीत होतं. आत गेले नाही. आता त्या खोलीचं मला काही वाटत नाही.

काल डेल्फीनकडे गेलो. ती एका बाईचे केस गरम कंगव्याने सरळ करत होती. पन्नाशीची असेल, बापासारखीच लांब बोटं. होझियाला बघून म्हणाली, "मिस्टर ग्रँबेरी, तुम्ही माझ्या दारात? कोण मेलं?"

मी सांगितलं. गिऱ्हाईक बाई उठून जायला निघाली तर डेल्फीन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बस गं. अर्धे केस घेऊन कुठे जाशील. आणि कुणीतरी ऐकायला हवंच." कंगवा तिने स्टोव्हवरून बाजूला ठेवला. माझं संपल्यावर म्हणाली, "पुन्हा सांग. या वेळी त्यांचं नाव घालून."

मी म्हटलं, "नावं मी सांगितली. लॉनी पेटवे यांनी नाही सांगितली."

"अजून एकदा."

मी अजून एकदा म्हटलं.

मग तिने सांगितलं. चर्चमधून काढल्यावर सहा वर्षं तो दर रविवारी चांगला कोट घालून चर्चच्या बाजूच्या खिडकीखाली उभा राहायचा. आतलं गाणं ऐकायला. उन्हात तिला बरोबर न्यायचा, आणि ती पुठ्ठ्याच्या पंख्याने त्याला वारा घालायची. "आतले लोक खिडकी लावून घ्यायचे," ती म्हणाली. "मे महिन्यात. स्वतः उकडून मरायचे पण खिडकी लावायचे." सातव्या वर्षी तो गेला. अंत्यविधीला ती, तिची आई आणि थॉर्नबीहून आलेला एक हार.

होझिया भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "खिडकी मी लावायचो, बेटा."

"मला माहीत आहे," डेल्फीन म्हणाली. "तुमचा हात दिसायचा मला."

कुणी रडलं नाही. तिने कंगवा पुन्हा तापवला आणि त्या बाईचे राहिलेले केस केले. आम्ही उभे. शेवटी मला म्हणाली, "हे तू रविवारी चर्चमध्ये सांगायचं. समोर उभं राहून. पाद्रीबाबांशी मी बोलते."

मी हो म्हटलं.

"तुझं मन हलकं व्हावं म्हणून नाही सांगत मी. ते हलकं झालं नाही तरी मला चालेल. परत कधी जाणार आहेस?"

"मंगळवारी."

"मंगळवारी कसं चालेल? रविवारी ऐकलेलं लोकांच्या डोक्यात सोमवारी शिरतं. मग ते विचारायला येतील. माझ्याकडे येतील, मिस्टर ग्रँबेरींकडे येतील, तुझ्या बहिणीकडे, लुव्हेनियाकडे येतील. उत्तरं आम्ही का द्यायची? तू इथे राहा. लोकांना सापडशील अशी राहा."

तर मी राहते आहे. होझियाच्या भाचीची मागची खोली मोकळी आहे, ऑगस्टअखेरपर्यंत ती मी घेतली, आज सकाळीच सामान हलवलं. शिकागोच्या शेजारणीला फोन करून झाडांना पाणी घालायला सांगितलं. खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून न्यायालय दिसतं, बसचा थांबा दिसतो. आज दुपारी दोनची बस आली तेव्हा माझे पाय आपोआप उचलले गेले, खोटं कशाला बोलू. उशी पोटाशी धरून पलंगाच्या कडेवर बसून राहिले, ती निघून जाईपर्यंत.

आता तुला एकच आगाऊ सांगायचं आहे, आणि तेही तुझ्यासाठीच. रविवारी तुझा बाक डावीकडून दुसरा आहे, हे होझियाने सांगितलं. मी बोलायला उभी राहीन तेव्हा तू माझ्या थेट समोर असशील. एझ्राचं नाव मला तुझ्यासमोर घ्यावं लागेल. सगळ्यांच्या देखत ते अचानक ऐकायची वेळ तुझ्यावर येऊ नये, म्हणून आज लिहिलं. तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. आलीस आणि मधेच उठून गेलीस तर मी थांबणार नाही, पूर्ण सांगून मगच बसेन. आणि बसून राहिलीस तर नंतर माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

मी ऑगस्टअखेरपर्यंत इथे आहे. तुझ्या घरावरून रोज सकाळी चालत जाईन. फाटक उघडायचं की नाही, ते तू ठरव.

एझ्रा, होझिया आणि टर्नर भावांची नावं सांगणारी, लॉनी पेटवेचं नाव बुडवणारी, आणि तरीही तुझी सख्खी बहीण,

अर्नेस्टीन